अनाथ प्रोटोकॉल आणि नित्य शब्द

११ डिसेंबर २०२२ रोजी लिनक्स कर्नलची ६.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यात डेकनेट नव्हते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीने १९७५ मध्ये पीडीपी-११ जातीचे दोन संगणक एकमेकांशी बोलावेत म्हणून हा प्रोटोकॉल तयार केला होता. पुढे व्हॅक्स यंत्रांच्या जोडीने तो जगभरच्या विद्यापीठांत, प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत पोहोचला. कर्नलच्या सोर्समध्ये ‘मेंटेनर्स’ नावाची एक साधी फाइल असते. कोणता भाग कोण सांभाळतो याची ती नोंदवही. प्रत्येक भागापुढे एक शेरा असतो. कुठे पगारी माणूस नेमलेला असतो, कुठे कोणी आपणहून जबाबदारी घेतलेली असते, कुठे कोणी अधूनमधून डोकावून जाते. डेकनेटपुढे २०१० पासून ‘ऑर्फन’ हा शेरा होता. बारा वर्षांत त्याला वाली मिळाला नाही, तेव्हा तो काढला गेला. काढताना कारणही सरळ सांगितले गेले. याचे वापरणारे जवळजवळ उरले नाहीत, कोडची झाडलोट करणाऱ्यांचाच वेळ जातो, त्याची जागा आता संग्रहालयात आहे.

टोकन रिंग आणि इकोनेट २०१२ मध्येच गेले होते. नव्वदच्या दशकात भारतातल्या कार्यालयांत आणि संगणक-शिकवण्यांत ज्याचे नाव सर्रास ऐकू येई, त्या नॉव्हेल नेटवेअरचा आयपीएक्स प्रोटोकॉल २०१८ मध्ये गेला. जाणकारांच्या वर्तुळात अशा घटनेची दखल एका ओळीत संपते. त्या ओळीत अडकलेला प्रश्न मात्र या देशात दोन हजार वर्षे विचारला जात आहे. बोलण्याची एखादी ठरलेली रीत, बोलणारे उरले नाहीत तरी असते का? असलीच तर कशाच्या आधारावर असते?

लिनक्सच्या बाबतीत हा प्रश्न फार नेमका होतो, कारण तिथे काही नष्ट होत नाही. सगळा सोर्स गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात ठेवलेला असतो आणि गिट जुन्या ओळी फेकून देत नाही. ६.० ही आवृत्ती उतरवून घेतली की डेकनेटची प्रत्येक ओळ जिथल्या तिथे सापडते. त्याचे नियम सांगणारे दस्तऐवज डिजिटल कंपनीने त्या काळीच प्रसिद्ध केले होते, तेही वाचायला मिळतात. हरवले काहीच नाही. कर्नल रोज बदलतो आणि त्या बदलांबरोबर या ओळी चालत्या ठेवण्याची जबाबदारी कोणावर नाही, एवढेच झाले आहे.

जुने चालते ठेवण्याची अशी जबाबदारी रोज उचलणारी माणसे मात्र आहेत. चंदीगडमध्ये सुखना तलावापासून जवळ, किशनगढ आणि मणिमाजरा यांना लागून आयटी पार्क आहे. राजीव गांधी चंदीगड टेक्नॉलॉजी पार्क हे त्याचे पूर्ण नाव. इन्फोसिस, टेक महिंद्रा यांची आवारे तिथे आहेत, लहानमोठ्या कंपन्याही आहेत. २००५ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या वसाहतीला शहराच्या नव्या पर्वाची खूण मानले गेले. पण पुणे असो, चंदीगड असो, आयटी पार्कांतल्या कामाचा मोठा भाग दूर कुठेतरी चालू असलेली जुनी व्यवस्था बंद पडू न देण्याचा असतो. लॅपटॉप नवा, त्यावरची उबुंटू नवी, आणि समोरचे यंत्र कोणत्या तरी गोदामाच्या कपाटात वर्षानुवर्षे न थांबता चालत आलेले.

अशा कामातला एक नेहमीचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या नेटवर्क स्विचमध्ये एसएसएच या सुरक्षित मार्गाने दुरून शिरायचे असते. अभियंता आज्ञा देतो आणि टर्मिनलवर उत्तर येते, ‘नो मॅचिंग की एक्सचेंज मेथड फाउंड’. त्याच ओळीत पुढे, समोरचे यंत्र काय देऊ करत आहे ते छापलेले असते: डिफी-हेलमन-ग्रुप१-एसएचए१. म्हणजे स्विच जिवंत आहे, त्याने दाराशी येऊन हाकही दिली आहे. त्याला येणारी रीत या बाजूने सोडून दिली आहे, इतकेच. ऑगस्ट २०१५ मध्ये ओपनएसएसएच या मुक्त प्रकल्पाच्या ७.० आवृत्तीने ही १०२४ बिटांची पद्धत मूळ यादीतून वगळली, कारण ती फोडणे आवाक्यात येत चालले होते. उपाय सोपा आहे. कॉन्फिग फाइलमध्ये त्या एका यंत्राच्या नावाने ‘होस्ट’ अशी नोंद करायची आणि तिच्याखाली पद्धतीचे नाव लिहायचे, पण नावाआधी अधिकचे चिन्ह द्यायचे. ते चिन्ह दिले तर नव्या सगळ्या पद्धती जागेवर राहतात आणि जुनी तेवढी शेवटी जोडली जाते. ते विसरले तर अख्खी नवी यादी पुसली जाऊन एकटी जुनीच उरते.

या दोन ओळींत नीतीचा पुष्कळ विचार झालेला आहे. जुन्याला सवलत द्यायची, पण ज्याला तिची गरज आहे त्या एकालाच. त्याच्यासाठी बाकीच्या जगाचे कुलूप सैल करायचे नाही. आणि सवलत कायमची नाही, हेही त्याच प्रकल्पाने दाखवून दिले. डीएसए या जुन्या जातीच्या सांकेतिक किल्ल्यांचा आधार एप्रिल २०२५ मधल्या १०.० आवृत्तीत कोडमधूनच काढला गेला. तिथे अधिकच्या चिन्हाचाही उपयोग उरला नाही, कारण यादीत जोडायला ते नावच शिल्लक नाही.

आयटी पार्कपासून थोड्याच अंतरावर नेकचंद यांचे रॉक गार्डन आहे. रस्ते निरीक्षकाची नोकरी करणाऱ्या या माणसाने पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून, कोणाला न सांगता, पाडापाडीतले तुकडे, फुटक्या बांगड्या, मोडकी चिनी मातीची भांडी जमवून तिथे मूर्ती उभ्या केल्या. १९७६ मध्ये ती बाग लोकांसाठी खुली झाली. टाकलेल्या वस्तूंना इतका मान क्वचित कुठे मिळाला असेल. तरीही त्या भिंतीतली बांगडी आता हातात घालायची नाही. वस्तू जपणे आणि तिचे काम चालू ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोटोकॉलच्या बाबतीत तर सगळा प्रश्न दुसऱ्या गोष्टीचाच आहे.

शब्द नित्य की अनित्य, हा मीमांसक आणि नैयायिक या दोन दर्शनपरंपरांतला वाद म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचेच जुने रूप. तो शेकडो वर्षे चालला. जैमिनींच्या मीमांसासूत्रांत तो पहिल्याच अध्यायात येतो. मीमांसकांचे म्हणणे असे की शब्दाला कोणी निर्माण करत नाही, उच्चाराने तो फक्त प्रकट होतो. एखाद्याने ‘गाय’ आठ वेळा म्हटले तर त्याने आठ शब्द उच्चारले असे आपण म्हणत नाही, एकच शब्द आठ वेळा उच्चारला असे म्हणतो. आवाज विरतो, शब्द तोच राहतो. नैयायिकांना हे पटत नाही. शब्द प्रयत्नाने उत्पन्न होतो, त्याला सुरुवात आहे, म्हणून त्याला शेवटही आहे, असे त्यांचे उत्तर. वरवर पाहता हा वेदांच्या प्रामाण्याचा वाद आहे. खोलात गेले तर तो प्रत्येक ठरलेल्या भाषेचा वाद आहे.

प्रोटोकॉल लिहिणारे लोक नकळत मीमांसकांच्या बाजूला उभे असतात. स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ च्या तारखेने पहिला आरएफसी लिहिला, तेव्हापासून इंटरनेटचे नियम याच दस्तऐवजांत नोंदले जातात. प्रसिद्ध झालेला आरएफसी नंतर बदलायचा नाही, असा दंडक आहे. नियम बदलला तर नवा आरएफसी येतो आणि जुना आपल्या क्रमांकासह तसाच राहतो. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने एनसीपी सोडून टीसीपी/आयपी स्वीकारले, पण एनसीपीचे कागद आजही जसेच्या तसे वाचता येतात. नियम एका जागी शाश्वत आणि यंत्रांवरचे कोड येतात-जातात, ही मांडणी जैमिनींना ओळखीची वाटली असती.

या मांडणीला पुरावेही आहेत. पॉल कोनिंग यांनी डेकनेट पायथॉन भाषेत नव्याने लिहिले. पायडेकनेट नावाचा हा प्रोग्रॅम कर्नलच्या बाहेर, कोणत्याही साध्या प्रोग्रॅमसारखा चालतो. स्वीडनमधले जॉनी बिल्क्विस्ट आणि त्यांचे सहकारी एचईसीनेट नावाचे हौशी जाळे चालवतात. त्यात देशोदेशीची यंत्रे इंटरनेटवरून एकमेकांशी डेकनेटमध्येच बोलतात. अ‍ॅपलटॉकची कथा याहून बोलकी आहे. अ‍ॅपलने तो २००९ च्या स्नो लेपर्डमध्ये बंद केला. मिशिगन विद्यापीठात १९९० मध्ये सुरू झालेला नेटाटॉक हा मुक्त प्रकल्प तो युनिक्स-लिनक्सवर चालवत असे, पण २०१२ च्या ३.० आवृत्तीत त्यानेही तो गाळला. मग २०२४ मध्ये, बारा वर्षांनी, ४.० आवृत्तीत तो परत आणला. नव्वदच्या दशकातल्या मॅकिंटॉशवर ‘चूझर’ उघडला की आजच्या लिनक्स सर्व्हरचे नाव पुन्हा यादीत दिसू लागले. कोड नवा, यंत्र नवे, आणि त्या म्हाताऱ्या मॅकिंटॉशला मात्र पलीकडचा बदल जाणवतही नाही. त्याच्या दृष्टीने तोच शब्द पुन्हा उच्चारला गेला आहे.

म्हणून मीमांसकांचे म्हणणे पूर्ण खरे मानायचे का? ज्यांनी शब्दाच्या नित्यतेवर सर्वांत जास्त श्रद्धा ठेवली, त्यांचाच इतिहास इथे आडवा येतो. वेदपाठाची व्यवस्था ही चुका पकडण्याची विलक्षण रचना आहे. घनपाठात पहिला शब्द, दुसरा, मग दुसरा, पहिला, मग पहिला, दुसरा, तिसरा, मग उलट तिसरा, दुसरा, पहिला आणि पुन्हा सरळ तिन्ही, अशा क्रमाने म्हणत पुढे सरकायचे. एक अक्षर घसरले तर पुढच्या फेरीत ते उघडे पडते. नेटवर्कच्या पॅकेटमधला चेकसम हेच काम करतो. इतकी चोख रचना असूनही काय उरले? पतंजलींच्या महाभाष्यात ऋग्वेदाच्या २१ आणि सामवेदाच्या १,००० शाखांचा उल्लेख आहे. आज सामवेदाच्या कौथुम, राणायनीय आणि जैमिनीय अशा तीनच शाखा हाती आहेत. बाकीच्यांचा चेकसम चुकला नव्हता. शिकणारा पुढचा माणूस आला नाही. ही विद्या समाजाच्या एका लहान गटापुरती कडेकोट ठेवल्याने पुढचा माणूस मिळण्याची शक्यता आधीच रोडावलेली होती, हेही इथे स्पष्ट म्हटले पाहिजे. नैयायिकांचा मुद्दा इथे भक्कम ठरतो. कंठ नसेल तर शब्दाच्या नित्यतेचा ऐकणाऱ्याला उपयोग नाही.

या वादात पंजाबच्या भूमीने दिलेले उत्तर मराठी वाचकाला दोन बाजूंनी जवळचे आहे. १७०८ मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरुपद ग्रंथाकडे सोपवले. शब्द हाच गुरू. यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो. ग्रंथाची प्रत कागदाची असते, कागद जीर्ण होतो, मग जीर्ण प्रतीचे काय करायचे? शीख परंपरेने याचे उत्तर व्यवहारात दिले आहे. ग्रंथाच्या प्रतीला स्वरूप म्हणतात. जीर्ण झालेली स्वरूपे गोइंदवाल साहिबसारख्या ठिकाणी नेऊन, विधिपूर्वक, माणसाला द्यावा तसा अग्नी देतात. त्याच वेळी नव्या प्रतीत शब्द अखंड असतो. आजच्या प्रमाण प्रतीत १,४३० पाने असतात आणि कोणते पद कितव्या पानावर हे अमृतसरला, चंदीगडला, नांदेडला एकच असते. पूर्वीच्या प्रतींत शब्द न तोडता सलग, लडीवार लिहीत. आताच्या प्रती पदे सुटी करून छापतात, आणि जुन्या लेखनाकडे परत जावे असा आग्रह धरणारेही आहेत. स्वरूप बदलले तर शब्द किती बदलला, हा नेटाटॉकच्या मंडळींना पडणारा प्रश्न तिथे फार गंभीरपणे विचारला जातो.

दुसरी बाजू नामदेवांची. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातले घुमान हे त्यांच्या पंजाबातल्या वास्तव्याचे गाव मानले जाते. २०१५ च्या एप्रिलमध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले. पंढरीच्या शिंप्याचे शब्द, त्याच्या मायबोलीपासून दूर, गुरुमुखी लिपीत, १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या संहितेत बसून चारशे वर्षे रोज गायले जात आहेत. नेटवर्कच्या जगात याला टनेल म्हणतात. जुन्या प्रोटोकॉलचे पॅकेट जसेच्या तसे नव्या प्रोटोकॉलच्या पाकिटात घालून पाठवायचे. डॉसबॉक्समध्ये जुने खेळ आयपीएक्सवर आजही खेळता येतात ते याच रीतीने, कारण ती पॅकेटे इंटरनेटच्या साध्या पॅकेटांच्या पोटात प्रवास करतात. ज्याने आपल्या पोटात जागा दिली त्याचा मोठेपणा इथे मान्य करावा लागतो. जुलाहा कबीर, चर्मकार रविदास, शिंपी नामदेव, सूफी फरीद या सगळ्यांना एका संहितेत घेणाऱ्या परंपरेने जे जपले, ते बंद दाराआडच्या परंपरेला जपता आले नसते.

महाराष्ट्रातही एक प्रोटोकॉल डेकनेटसारखाच मावळला, आणि त्याच्याकडे पाहिले की पुनर्जन्माच्या कल्पनेला वेगळा अर्थ येतो. १९८६ मध्ये केंद्र सरकार आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या मदतीने अर्नेट हे शिक्षण-संशोधन संस्थांचे संगणक-जाळे सुरू झाले. मुंबईत जुहूला असलेली एनसीएसटी ही संस्था त्यातली महत्त्वाची कडी होती. श्रीनिवासन रमणी तिचे प्रमुख. सुरुवातीला डायल-अप फोनवरून यूयूसीपीने ईमेल जात. पुढे देशांतर्गत लीज्ड लाइनी आल्या, तेव्हा अर्नेटने टीसीपी/आयपी आणि ओएसआय असे दोन्ही प्रोटोकॉल शेजारी शेजारी चालवले. त्या काळी ओएसआय हा आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा, सरकारांच्या पसंतीचा, उद्याचा प्रोटोकॉल मानला जात होता. कोणता टिकेल हे ठामपणे सांगणे अवघड होते, म्हणून दोन्ही ठेवणे शहाणपणाचे होते. १९९५ नंतर जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवर गेली. एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. मुंबईतच राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ पासून उपग्रहामार्गे जे व्यवहार चालवले, त्या जाळ्याचा कणा एक्स.२५ हा आधीच्या पिढीचा प्रोटोकॉल होता. देशभरच्या दलालांचे सौदे त्यावरून जात होते.

ओएसआय संपला असे म्हणून पुढे जाता येते. पण त्याच कुटुंबातल्या निर्देशिका-सेवेसाठी १९८८ मध्ये ठरलेला एक्स.५०९ हा प्रमाणपत्राचा नमुना आज बँकेची कोणतीही साइट उघडली की वापरात येतो. ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या कुलपामागे तोच असतो. डेकनेटचेही असेच झाले. त्याच्या पाचव्या टप्प्यासाठी डिजिटलमध्ये आयएस-आयएस नावाची मार्ग शोधण्याची पद्धत तयार झाली. तिच्या रचनेत रेडिया पर्लमन यांचा मोठा वाटा होता. १९९२ मध्ये ती आयएसओ १०५८९ या क्रमांकाने मानक झाली. जगातल्या मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या कण्यात ती आजही चालते, आणि एफआररूटिंग या मुक्त प्रकल्पामुळे लिनक्सवरही चालते. गंमत अशी की ती आयपीच्या डोक्यावर बसत नाही, थेट खालच्या थरावरून बोलते, कारण तिच्या जन्मघरी आयपी नव्हतेच. कर्नलमधून डेकनेट गेले त्या दिवशीही त्याचे हे लेकरू लिनक्सवर काम करत होते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला जीर्ण वस्त्रांचा दाखला इथे कोणालाही आठवेल. तो या प्रश्नाला पुरा पडत नाही. जीव देह सोडतो तो एकट्याचा निर्णय असतो, एकट्याचा प्रवास असतो. प्रोटोकॉल मुळात दोघांचा असतो. एकाने वस्त्र बदलले की दुसरा मुका होतो, त्याचा काही दोष नसताना. कारखान्यातल्या एखाद्या यंत्राचा नियंत्रक १९७९ च्या मॉडबसमध्ये बोलतो. त्याच्या भरवशावर पाण्याचा पंप चालतो, पंपाच्या भरवशावर वस्ती असते. ‘जुने झाले, सोडा’ म्हणणाऱ्याला त्या टोकाचा माणूस दिसत नसतो.

पण हाच युक्तिवाद उलट बाजूनेही लागू पडतो, आणि तिथे जुन्याच्या ओढीला फार जपून राहावे लागते. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम त्यामुळे थांबले, कंटेनरांचा खोळंबा झाला. त्या प्रोग्रॅमच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक होती एसएमबीची पहिली आवृत्ती, म्हणजे फाइल वाटून घेण्याची ऐंशीच्या दशकात मुळे असलेली रीत. मायक्रोसॉफ्टने तिच्यातल्या भगदाडाचा उपाय मार्चमध्येच दिला होता, पण तो न लावलेली यंत्रे पुष्कळ होती. लिनक्सवर हीच भाषा बोलणाऱ्या साम्बाने २०१९ मध्ये ४.११ आवृत्तीपासून ती पहिली आवृत्ती आपसूक बंद ठेवायला सुरुवात केली. ज्या नेटाटॉकचे वर कौतुक केले, त्यातही २०१८ मध्ये एक असे छिद्र सापडले की पासवर्डाशिवाय आत शिरता येत होते. ते तिथे १८ वर्षे होते. कोड मुक्त होता, सगळ्यांना दिसत होता, पण पाहणारे डोळे नव्हते. जुने यंत्र चालू राहावे ही इच्छा कितीही निर्मळ असो, तिची किंमत शेजारच्या अनोळखी माणसाने मोजावी हा अन्याय आहे. अहिंसेचा विचार करणाऱ्या कोणत्याही धर्माला तो मान्य होणार नाही.

मग निकष कोणता? दक्षिणेश्वरच्या मंदिरातली एक हकिकत इथे मार्ग दाखवते. पुजाऱ्याचा तोल गेला आणि श्रीकृष्णाच्या मूर्तीचा पाय मोडला. पंडितांनी शास्त्राप्रमाणे सांगितले, खंडित मूर्ती पाण्यात विसर्जित करा, नवी बसवा. रामकृष्ण परमहंसांना विचारले तेव्हा त्यांनी मंदिर उभारणाऱ्या राणी रासमणींच्या घरचाच दाखला दिला. जावयाचा पाय मोडला तर त्याला टाकून दुसरा आणाल की उपचार कराल? हा युक्तिवाद बहुतेकांना ठाऊक असतो. पुढचा भाग कमी सांगितला जातो. मूर्तीचा पाय रामकृष्णांनी स्वतःच्या हाताने इतका सफाईने जोडला की सांधा कळू नये. ‘ठेवा’ असे सांगणाराच दुरुस्तीला बसला.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात जुन्या प्रोटोकॉलचा निवाडा याच कसोटीवर व्हावा. डेकनेट कर्नलमधून काढणे योग्य होते, कारण बारा वर्षांत त्याच्या दुरुस्तीला कोणी बसले नाही, आणि कर्नलच्या गाभ्यात बेवारस कोड असणे हा त्या कर्नलवर विसंबलेल्या सर्वांना धोका होता. ते कर्नलच्या बाहेर, पायडेकनेटच्या रूपात चालणे हेही तितकेच योग्य, कारण तिथे वाली आहे आणि चूक झाली तर ती त्या एका प्रोग्रॅमपुरती राहते. अ‍ॅपलटॉक परत आणणेही योग्यच, कारण परत आणणाऱ्यांनी त्याच्याबरोबर त्याचे सांभाळणेही अंगावर घेतले. मीमांसकांचा शब्द आणि नैयायिकांचा कंठ यांच्यातला जुना झगडा इथे मिटत नाही, पण दोघांनाही लागणारा माणूस कोण, हे ठरवता येते. ज्या वस्तूची जबाबदारी कोणी नाव घालून घेतली आहे तिच्या नित्यतेबद्दल बोलावे. बाकीच्यांना सन्मानाने निरोप द्यावा.

आपल्याकडच्या आयटी पार्कांना हे सांगण्याची गरज आहे. चंदीगड, हिंजवडी, खराडी इथल्या कंपन्या परदेशी ग्राहकांची जुनी जाळी सांभाळून पैसे मिळवतात. ज्या मुक्त प्रोग्रॅमांच्या जोरावर हे काम चालते, त्यांतल्या बेवारस भागांचे वालीपण त्यांच्याच अभियंत्यांकडे का नसावे? कोणत्या भागांना माणूस नाही, हे कोणालाही पाहता येते. व्यवस्थापकांनी अशा कामाला आठवड्यातले काही पगारी तास द्यावेत आणि त्याची नोंद बढतीच्या वेळी धरावी. ज्यांच्या हाती प्रत्यक्ष जुनी यंत्रे आहेत त्यांच्याकडे आणखी एक मागणे आहे. शेवटचे यंत्र बंद करण्याआधी ग्राहकाची परवानगी घेऊन त्याचे बोलणे टीसीपीडम्पने टिपून ठेवा, त्याची माहितीपुस्तिका स्कॅन करा, कॉन्फिग जपून ठेवा, आणि खासगी मजकूर वगळून जे उघड करता येईल ते उघड करा. वायरशार्क आजही डेकनेटची आणि आयपीएक्सची पॅकेटे उलगडून दाखवतो. वाचायला ती शिल्लक तेवढी हवीत.